सवतीचं नाक

मिस्त्रीने पान्याने प्लग सोडवला, त्यावर एक फुंकर मारली आणि तो तिच्या हातावर ठेवला.

“तूच बघ. नंतर म्हणशील, हातचलाखी केली.”

तिने प्लग खिडकीच्या उजेडात धरला. टोक कोरडं, बदामी रंगाचं. काजळी नव्हती, तेलाचा ओशटपणाही नव्हता. पिशवीतून पातळ पोलादी पट्ट्यांचा जुडगा काढून तिने टोकाची फट मोजली आणि आकडा वहीत लिहिला.

“नवाच आहे हा,” ती म्हणाली.

“नवाच घातला होता. तुझा बाप जायच्या आठ दिवस आधी. तेही लिही.”

तिने तेही लिहिलं.

पाण्याने भरलेल्या लोखंडी पिंपावर आडवी फळी टाकून तिला होडीची मोटर कसली होती. पंखा पाण्यात, डोकं बाहेर. वरचं झाकण काढल्यामुळे ती उघडीबोडकी दिसत होती. बावीस वर्षं हिच्याच जोरावर बाबांनी माणसं, सायकली, कोंबड्यांच्या टोपल्या आणि एकदा तर आत दडून बसलेल्या मांजरासकट एक अख्खं कपाट पलीकडच्या काठावर पोचवलं होतं. तीन आठवड्यांपूर्वी ती भर पाण्यात बंद पडली. बाबा दोरी ओढत राहिले. मासे पकडायला गेलेल्या लोकांना ते सापडले तेव्हा होडीच्या तळाशी बसलेले होते. पाठ मोटरला टेकलेली आणि दोरीची लाकडी मूठ अजून हातात. हृदयाची नस आधीच अरुंद झाली होती, डॉक्टर म्हणाले, श्रमाचं निमित्त झालं.

निमित्त. हा शब्द तेव्हापासून तिच्या घशात अडकून बसला होता. दूरच्या शहरात ती पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला होती. ‘कारण समजले नाही’ असं तिथेही कधीमधी लिहावं लागे, पण सगळ्या चाचण्या संपल्यावर. इथे एकही चाचणी न करता सगळे हळहळून मोकळे झाले होते. आणि बंद पडायच्या आठच दिवस आधी ही मोटर याच कारखान्यातून, याच माणसाच्या हाताखालून गेली होती. लहानपणापासून ती त्याला मिस्त्रीकाका म्हणत आली होती. आज सकाळपासून ती नुसतं ‘तुम्ही’ म्हणत होती. त्याच्या ते ध्यानात आलं होतं.

त्याने प्लगला वायरची टोपी चढवली, प्लगचं धातूचं अंग इंजिनाला टेकवून धरलं आणि दोरी ओढली. फटीत निळी ठिणगी तडतडली. पुन्हा ओढली. पुन्हा निळी.

“पिवळी निघाली असती तर मी इथेच मान खाली घातली असती,” तो म्हणाला. “आता या भोकावर अंगठा दाबून धर. घट्ट.”

तिने धरला. त्याने दोरी ओढली तशी आतल्या हवेने तिचा अंगठा फटकन उडवला.

“दम आहे अजून. हिला म्हातारी म्हटलेलं तुझ्या बापाला खपायचं नाही. मला दोन दिवस बोलला नव्हता एकदा.”

ती हसली नाही. त्याने प्लग परत बसवला, आवळला आणि पाना भिंतीवरच्या फळीला लटकवला. त्या फळीवर प्रत्येक हत्याराची आकृती पांढऱ्या रंगाने काढलेली होती. पाना आपल्या पांढऱ्या सावलीत नेमका बसला. मग त्याने कारखान्यातली पेट्रोलची टाकी पायाने जवळ सरकवली, तिची रबरी नळी मोटरला जोडली आणि टाकीच्या झाकणावरचा बोटाएवढा स्क्रू दोन वेढे सैल केला.

“नाक सोडलं,” तो सवयीने पुटपुटला.

हे नाव त्यानेच पाडलेलं. मोटर जितकं पेट्रोल खेचते तितकी हवा टाकीत शिरायला हवी, ती या स्क्रूमधून शिरते. तो बंद राहिला तर टाकी गुदमरते. या काठावर होडी असलेल्या प्रत्येक घरात त्या स्क्रूला नाकच म्हणत.

नळीच्या मधोमध असलेला रबरी फुगा त्याने घट्ट होईपर्यंत दाबला, चोक ओढला आणि दुसऱ्याच झटक्याला मोटर सुरू झाली. कारखाना निळ्या धुराने भरून गेला. तिने घड्याळ लावलं. तो वेग वाढवून पाहत होता, कमी करून पाहत होता, बाजूच्या छिद्रातून उडणारी पाण्याची बारीक धार बोटाने चाचपत होता. वीस मिनिटं झाली तेव्हा त्याने बटण दाबून ती बंद केली.

“झालं समाधान?”

“नाही,” ती म्हणाली. “आज वीस मिनिटं चालते. मग त्या दिवशी काय झालं होतं?”

“पाणी शिरलं असेल पेट्रोलमध्ये. काहीही असेल.”

“काहीही नसतं.” तिने वहीचं पान उलटलं. “होडी दुसऱ्या तरंगत्या लाल बोयाजवळ सापडली. धक्क्यापासून तिथवर बाबांना आठ मिनिटं लागायची. म्हणजे सकाळी मोटर नीट सुरू झाली. सात-आठ मिनिटं चालली. मग बंद पडली, आणि नंतर सुरूच झाली नाही. सुरू व्हायचा दोष असता तर ते धक्क्यावरच अडले असते. घरी परत आले असते.”

मिस्त्री फडक्याने हात पुसत होता. तो थांबला.

“सात-आठ मिनिटं,” तो म्हणाला.

“आपण टाकी तुमची वापरली. मी घरची आणते.”

“त्यात काय असणार,” तो म्हणाला, पण ती तोवर दाराबाहेर पडली होती.

घर दोन गल्ल्या पलीकडे. मागच्या पायरीवर आई शेंगा सोलत बसली होती. ताट दाण्यांनी शिगोशीग भरलं होतं, दोघींना चार दिवस पुरतील इतकं, तरी तिचे हात चालूच होते.

“चालू झाली ना?” आईने मान वर न करता विचारलं. “आवाज आला.”

“हो.”

“मग त्यांच्याच हाताला का नाही झाली?”

“तेच शोधतेय. टाकी कुठेय गं?”

आईने हनुवटीने दाखवलं. पडवीत, होडी ओढून आणणाऱ्या लोकांनी ठेवली तिथेच ती ताडपत्रीखाली होती. तिची नेहमीची जागा मागच्या दाराआड. तिथल्या फरशीवर गंजाची चौकोनी खूण तेवढी उरली होती. रात्री होडीतून पेट्रोल चोरीला जायचं म्हणून टाकी वर्षानुवर्षं घरात यायची आणि सकाळी बाहेर जायची.

तिने ताडपत्री बाजूला केली. आईचे हात थांबले.

“आदल्या दिवशी छातीत जळजळतंय म्हणाले. मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे चला. उद्या, म्हणाले. यांचा उद्या मला माहीत नाही होय? मग मी बोलणंच टाकलं.” आईने एक शेंग उचलली, पण फोडली नाही. “सकाळी मी जागी होते. कूस बदलून पडून राहिले. बावीस वर्षांत पहिल्यांदा टाकी मी हातात दिली नाही. त्यांची त्यांनीच उचलली. दाराला आपटली, केवढा आवाज झाला. मला वाटलं, आता तरी हाक मारतील.”

तिने टाकी उचलली.

“जा,” आई म्हणाली. “मिस्त्री थांबले असतील.”

वाटेत टाकी दर पावलाला मांडीवर आपटत होती आणि आत पेट्रोल डुचमळत होतं. तीनदा हात बदलून ती कारखान्यात पोचली. मिस्त्रीने पुढे होऊन टाकी घेतली, हलवून पाहिली. “पाऊण भरलेली आहे,” तो म्हणाला. टाकी खाली ठेवता ठेवता त्याची नजर झाकणावर गेली आणि तिथेच राहिली. मग त्याने खांद्यावरचं फडकं काढून, हात पुसून, टाकीवर टाकून दिलं.

“आपण इथेच थांबू या,” तो म्हणाला.

“का?”

“मोटर धडधाकट आहे, तू डोळ्यांनी पाहिलंस. चूक माझी धर. कार्ब्युरेटर साफ करताना काहीतरी राहिलं असेल माझ्याकडून.”

“राहिलं असेल म्हणजे? राहिलं असतं तर आत्ता वीस मिनिटं चालली असती का?”

“पोरी, ऐक माझं.”

“धर म्हटलं म्हणून धरता येत नाही.” तिने कारखान्याच्या टाकीची नळी मोटरवरून उपसली आणि घरच्या टाकीची खटकन बसवली. “सकाळपासून मला वाटत होतं की तुमचंच काहीतरी निघावं. खरं सांगते. आता ते निघत नाहीये तर तुम्ही स्वतःच्या अंगावर घेताय. मला कारण हवंय. कशालाच हात लावू नका, जसं आहे तसं चालवू.”

“कारण एकदा कळलं की मग ते परत देता येत नाही,” मिस्त्री म्हणाला. पण तो आडवा आला नाही. कोपऱ्यातलं स्टूल ओढून त्यावर बसला आणि जमिनीकडे बघत राहिला.

तिने फुगा दाबून घट्ट केला. दोरी स्वतः ओढली. तिसऱ्या झटक्याला मोटर सुरू झाली, मघासारखीच, ठणठणीत. तिने घड्याळ लावलं. चार मिनिटं झाली. पाच. सहा. पाण्याची धार उडत होती. आपण उगीच हट्ट केला असं तिला वाटू लागलं, तेवढ्यात आवाज पातळ झाला. मग एकदम चढला, जणू मोटरला धाप लागली होती. ती दोनदा खोकली आणि बंद पडली.

सात मिनिटं वीस सेकंद.

तिने दोरी ओढली. पुन्हा ओढली. चोक ओढून, चोक ढकलून. सहाव्या झटक्याला तिचा खांदा भाजल्यासारखा झाला, आठव्याला डोळ्यांपुढे ठिपके आले. हॉस्पिटलमध्ये तिने बाबांचा उजवा हात हातात घेतला होता. तळव्यावर आडवा वळ होता आणि बोटांच्या पेरांवर फुटलेले फोड. तिने नववा झटका मारला.

“पुरे,” मिस्त्री म्हणाला.

तिचा हात नळीवर गेला. मधला रबरी फुगा चपटा झाला होता. दोन्ही बाजू आत ओढल्या जाऊन एकमेकींना चिकटल्या होत्या. नळीला हात लावत लावत ती टाकीपाशी आली आणि तिने फडकं उचललं.

स्क्रू घट्ट बंद होता.

तिने तो फिरवला. टाकीने लांबलचक श्वास आत ओढला, शीळ घातल्यासारखा, आणि आत खेचला गेलेला पत्रा टणकन पूर्ववत झाला.

नाक दाबायला आईला शिकवलं होतं ते मिस्त्रीने, मुलगी शाळेत असताना. घरात पेट्रोलचा वास कोंडतो म्हणून आईच तक्रार करायची, घरात बॉम्ब आणून ठेवलाय म्हणायची. मग ठरलं, संध्याकाळी टाकी आत आली की आईने नाक दाबायचं आणि सकाळी निघताना सोडायचं. मोटर ही आईची सवत. सुटीच्या दिवशीही बाबा तिलाच न्हाऊमाखू घालत बसायचे. “सवतीचं नाक दाबायचं काम ना? द्या की इकडे, दिवसातून दोनदा करीन,” आई म्हणायची आणि बाबा खो खो हसायचे. सकाळी तेच नाक सैल करून टाकी त्यांच्या हातात द्यायची. “न्या तुमच्या लाडकीला.” बाबांनी टाकीच्या झाकणाकडे कधी नुसतं पाहिलेलंही तिला आठवत नव्हतं. त्यांना पाहावं लागलंच नव्हतं.

तिने फुगा दाबला. दोरी एकदाच ओढली. मोटर लगेच सुरू झाली. अर्धा मिनिट ऐकून तिने ती बंद केली.

“तुम्ही आधीच पाहिलं होतं,” ती म्हणाली.

“हं.”

“म्हणून फडकं टाकलंत.”

“वहिनीला शिकवलं ते मीच. नाक दाबा, नाक सोडा.” मिस्त्री अजून जमिनीकडेच बघत होता. “त्याला सवय लावायची राहिली. घरात एक जण लक्ष ठेवतंय म्हटल्यावर दुसऱ्याला कोण कशाला सांगतं.”

बाहेर चपला वाजल्या. दारात आई उभी होती. चालत आल्याने तिला दम लागला होता आणि मनगटाला शेंगांची फोलपटं चिकटली होती.

“आवाज आला म्हणून आले,” ती म्हणाली. “चालू होती. मग बंद पडली. तुम्ही ओढत होता ते गल्लीत ऐकू येत होतं. मी मारुतीसारखी धावत निघाले आणि कोपऱ्यावर पोचते तर परत चालू.” ती कसनुसं हसली. मग म्हणाली, “काय होतं?”

मुलीने तोंड उघडलं. मिस्त्री स्टुलावरून उठला.

“प्लग, वहिनी. वाईट निघाला. गार असताना ठीक चालतो, तापला की ठिणगी मरते. आत्ता बदलला, लगेच लागली बघा.” त्याने घसा खाकरला. “मीच घातला होता तो. तापवून बघायला हवा होता. माझ्या हातून राहिलं.”

आई त्याच्याकडे बघत राहिली. मग तिची नजर भिंतीवरच्या फळीकडे गेली. पाना आपल्या पांढऱ्या सावलीत नीट लटकत होता. तिथून ती खाली आली, मोटरवर, नळीवर, टाकीवर. झाकणावर ती क्षणभरच थांबली.

“हो का गं?” आईने विचारलं.

वही उघडीच होती. वरच्या ओळीत लिहिलं होतं, प्लग नवा, फट बरोबर, ठिणगी निळी. स्वतः न पाहिलेला आकडा तिने आजवर कुठल्याच वहीत लिहिला नव्हता.

“हो,” ती म्हणाली. “प्लगच होता.”

आणि पेन उचलून तिने सगळ्यात खाली एकच शब्द लिहिला: प्लग.

आईने मनगटावरची फोलपटं एकेक करून काढली.

“मनाला लावून घेऊ नका, भावजी,” ती मिस्त्रीला म्हणाली. “माणसाच्या हातून राहून जातं एखादं.”

मिस्त्रीला मान वर करता आली नाही.

आईने वाकून टाकीची नळी सोडवली, गुंडाळली आणि टाकी उचलली.

“ही घरी नेते. हिची जागा घरात आहे.”

“जड आहे, मी घेते,” मुलगी म्हणाली.

“मला सवय आहे.”

आई पुढे झाली. मुलगी दारात अडखळली, मागे वळली.

“येते, काका.”

मिस्त्रीने नुसता हात वर केला. दुसऱ्या हाताने त्याने भिंतीवरचा पाना काढून घेतला होता आणि स्वच्छच असलेला तो फडक्याने पुसत होता.

आईने वाटेत एकदाही हात बदलला नाही. घरी आल्यावर तिने टाकी मागच्या दाराआड, गंजाच्या चौकोनावर ठेवली, थोडी डावीकडे सरकवून चारही कडा जुळवल्या. दिवस कलायला लागला होता. स्वयंपाकघरात पेट्रोलचा वास हळूहळू पसरला. मुलगी टाकीपाशी बसली आणि तिने दोन बोटं सैल स्क्रूवर ठेवली.

“राहू दे,” आई म्हणाली.

“वास येतोय.”

“येऊ दे.”

आईने शेगडीजवळची काड्यापेटी उचलून वरच्या फळीवर, डब्यांच्या मागे ठेवली. खिडकीची दोन्ही दारं उघडली आणि त्यांना खिट्टी लावली. मग दोन ताटं घेतली, सकाळचं उरलेलं त्यात वाढलं.

“आज थंडच जेवू,” ती म्हणाली, आणि टाकीच्या शेजारी जमिनीवर बसली.